गुलाबाचा काटा आणि रक्षक पेशी

प्रास्ताविक

शेतात किंवा अंगणात काम करताना बोटात काटा रुतला, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते आणि ठणकू लागते. काटा आतच राहिला तर तेथे पू होतो. पू म्हणजे निव्वळ घाण, अशीच आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो शरीरात झालेल्या एका लढाईचा अवशेष असतो. ही लढाई कोण लढते, हे ज्यांनी प्रथम ओळखले त्या इल्या मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाचे चरित्र या पाठात दिले आहे. रोगजंतूंना गिळणाऱ्या पेशी त्यांनी पाहिल्या. अशाच पेशी गिळलेल्या जंतूची ओळख इतर पेशींना पटवून देतात, हे मात्र त्यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी कळले. एकाने सुरू केलेले काम पुढच्या पिढ्या कसे पुढे नेतात, हे या पाठातून आपल्या लक्षात येईल.

मूळ पाठ

इल्या मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकीव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश त्या काळी रशियन साम्राज्यात होता. आज तो युक्रेनमध्ये आहे. त्यांचे वडील सैन्यातील अधिकारी आणि जमीनदार होते. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटा. घराभोवतीच्या रानातील झाडे, किडे आणि पाणवनस्पती न्याहाळण्याचा छंद त्याला बालपणीच जडला. पुढे खारकीव्हच्या विद्यापीठात त्याने निसर्गविज्ञानाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम अवघ्या दोन वर्षांत पूर्ण केला. तेव्हा त्याचे वय एकोणीस वर्षांचे होते.

पुढील अभ्यासासाठी मेचनिकॉव्ह जर्मनीत आणि इटलीत गेले. समुद्रात राहणाऱ्या कणाहीन जिवांचा विकास कसा होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या जिवांमध्ये पोट, आतडे अशा इंद्रियांची नीट रचना नसली, तरी त्यांच्या शरीरातील काही पेशी अन्नाचे कण स्वतःच्या आत घेतात आणि तेथेच ते पचवतात, असे त्यांना दिसून आले. त्या वेळी ही नोंद केवळ प्राणिशास्त्रातील एक बारकावा वाटत होती. तिचे महत्त्व कळायला आणखी सतरा वर्षे जावी लागली.

वयाच्या बाविसाव्या वर्षी ते काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा शहरातील विद्यापीठात अध्यापक झाले. मध्यंतरी काही काळ सेंट पीटर्सबर्ग येथे राहून १८७० साली ते प्राध्यापक म्हणून पुन्हा ओडेसाला आले. विद्वत्तेचा लौकिक वाढत होता. पण घरात मात्र सुख नव्हते. १८६९ साली ल्युडमिला यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हाच त्यांना क्षयाने ग्रासले होते. विवाहविधीसाठी त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले, इतकी त्यांची प्रकृती खालावली होती. पत्नीला उबदार हवा मानवेल या आशेने मेचनिकॉव्ह तिला घेऊन दूरदूरच्या प्रदेशांत फिरले. परंतु क्षयावर तेव्हा औषध नव्हते. १८७३ साली मदिरा बेटावर ल्युडमिला यांचे निधन झाले.

या आघाताने मेचनिकॉव्ह पूर्णपणे खचले. सूक्ष्मदर्शकातून सतत पाहिल्यामुळे डोळेही अधू होऊ लागले होते. आता कशासाठी जगायचे, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला आणि त्यांनी स्वतःचा जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते त्यातून वाचले. दोन वर्षांनी त्यांनी ओल्गा यांच्याशी विवाह केला. ओल्गांनी पुढे आयुष्यभर त्यांना संशोधनात साथ दिली आणि त्यांच्या पश्चात त्यांचे चरित्रही लिहिले. पण १८८० च्या सुमारास ओल्गांना विषमज्वर झाला आणि निराशेने पुन्हा उचल खाल्ली. या खेपेसही मेचनिकॉव्ह मृत्यूच्या दारातून परतले. गंभीर आजारातून उठल्यावर मात्र त्यांच्या मनात जगण्याची आणि काम करण्याची नवी ओढ निर्माण झाली.

याच सुमारास विद्यापीठातील वातावरण बिघडले होते. १८८१ साली रशियाच्या सम्राटाची हत्या झाली आणि त्यानंतर विद्यार्थ्यांवर व अध्यापकांवर सरकारी दडपण वाढले. अशा वातावरणात राहणे असह्य होऊन १८८२ साली मेचनिकॉव्ह यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. पत्नी आणि तिची धाकटी भावंडे यांना घेऊन ते इटलीतील सिसिली बेटावरच्या मेसिना या बंदरात राहायला गेले. तेथील समुद्रात नाना प्रकारचे जीव विपुल मिळत. घरातल्या बैठकीच्या खोलीतच त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला.

नाताळचे दिवस होते. घरातील मंडळी माकडांचे खेळ पाहण्यासाठी सर्कशीला गेली होती. मेचनिकॉव्ह एकटेच घरी होते. तारामाशाची अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली इवली पिल्ले, म्हणजे डिंभ, ते सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. हे डिंभ काचेसारखे पारदर्शक असतात. त्यामुळे त्यांच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी बाहेरून स्पष्ट दिसतात. या भटक्या पेशी अन्नाचे कण गिळतात हे त्यांना ठाऊक होते. पाहता पाहता त्यांच्या मनात एक नवीनच विचार चमकून गेला. ज्या पेशी अन्न गिळतात, त्याच शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूंनाही गिळत असतील काय? रोगापासून शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी त्याच असतील काय?

विचार खरा की खोटा हे प्रयोगानेच ठरणार होते. माणसाच्या बोटात काटा रुतला की त्याभोवती पू जमतो. मग तारामाशाच्या डिंभात काटा खुपसला, तर त्याभोवती भटक्या पेशी जमायला हव्यात. मेचनिकॉव्ह घराच्या बागेत गेले. तेथल्या गुलाबाचे काही काटे त्यांनी आणले आणि ते डिंभांच्या पारदर्शक त्वचेखाली हलकेच खुपसले. ती रात्र त्यांनी अस्वस्थपणे काढली. पहाटे उठून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काट्याभोवती भटक्या पेशींची दाट गर्दी झाली होती! डिंभाला रक्तवाहिन्या नव्हत्या. तरीही त्याच्या पेशी आपणहून काट्याकडे धावून आल्या होत्या.

प्रयोग साधा होता, पण त्यातून निघणारा अर्थ मोठा होता. पांढऱ्या पेशी रोगजंतूंना आपल्या पोटात घेऊन शरीरभर पसरवतात, असे त्या काळी अनेक वैद्यांचे मत होते. मेचनिकॉव्ह यांचे म्हणणे नेमके उलट होते. या पेशी जंतूंची वाहने नाहीत, त्या शरीराच्या रक्षक आहेत आणि सूज हे रक्षणाच्या कामाचेच लक्षण आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. व्हिएन्नातील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांच्या सूचनेवरून या पेशींना ग्रीक भाषेवरून 'फॅगोसाइट' हे नाव देण्यात आले. मराठीत आपण त्यांना भक्षक पेशी म्हणतो.

यानंतर मेचनिकॉव्ह यांनी डॅफ्निया या पाणपिसवेचा अभ्यास केला. टाचणीच्या डोक्याएवढ्या या जिवाला एका बुरशीमुळे रोग होतो. बुरशीचे सुईसारखे बीजाणू आतड्याची भिंत भेदून आत शिरतात. भक्षक पेशींनी ते वेळीच गिळले तर पाणपिसू वाचते. बीजाणू रुजले तर ती मरते. रोग आणि आरोग्य यांचा निकाल पेशी आणि जंतू यांच्या झुंजीत लागतो, हे येथे डोळ्यांनी पाहता येत होते.

१८८६ साली ओडेसा येथे जंतुशास्त्राची संस्था स्थापन झाली आणि तिचे संचालकपद मेचनिकॉव्ह यांच्याकडे आले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर पाश्चर यांनी शोधलेली लस तेथे दिली जाई. परंतु मेचनिकॉव्ह हे वैद्यक शिकलेले नसल्यामुळे स्थानिक डॉक्टरांचा त्यांना विरोध होता. त्यातच संस्थेने तयार केलेली लस टोचल्यावर अनेक मेंढ्या मरण पावल्या आणि टीकेचा भडिमार झाला. १८८८ साली ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी आपल्या नव्या संस्थेत त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा दिली. पुढची अठ्ठावीस वर्षे, म्हणजे अखेरपर्यंत, तीच त्यांची कर्मभूमी ठरली.

पॅरिसच्या या संस्थेतून एक धागा थेट मुंबईपर्यंत आला आहे. ओडेसा येथे मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली शिकलेले वाल्डेमार हाफकिन हे गुरूंच्या पाठोपाठ पाश्चर संस्थेत आले. तेथे त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि १८९३ साली ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उसळली, तेव्हा ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईतील परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव धारण करते.

इकडे युरोपात मेचनिकॉव्ह यांच्या सिद्धान्ताला कडवा विरोध होऊ लागला. १८९० साली बेरिंग आणि किटासातो या शास्त्रज्ञांनी बर्लिनमध्ये एक महत्त्वाचा शोध लावला. ज्या प्राण्यात रोगाविरुद्ध प्रतिकार निर्माण झाला आहे, त्याच्या रक्तातील पाण्यासारखा भाग, म्हणजे रक्तद्रव, दुसऱ्या प्राण्याला टोचला तर त्यालाही संरक्षण मिळते. या द्रवात पेशी नसतात. मग रक्षण करते ते द्रवात विरघळलेले द्रव्य. पेशींचे काय काम, असा प्रश्न जर्मन शास्त्रज्ञ विचारू लागले. या द्रव्यांना आज आपण प्रतिपिंडे म्हणतो. चार वर्षांनी फायफर यांनी दाखवले की, लस टोचलेल्या प्राण्याच्या उदरातील द्रवात पटकीचे जंतू पेशींच्या मदतीवाचून विरघळून जातात. पेशी की द्रव्य, असा हा वाद होता. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात १८७० साली झालेल्या युद्धाची कटुता अजून ओसरली नव्हती. त्यामुळे या शास्त्रीय वादालाही देशाभिमानाची धार चढली.

मेचनिकॉव्ह यांनी प्रत्येक आक्षेपाला नव्या प्रयोगाने उत्तर दिले. परिषदांत ते आवेशाने बोलत आणि विरोधकांचे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहत. त्यांच्या मनाचा मोठेपणा असा की, त्यांचे शिष्य बोर्डे यांनी रक्तद्रवातील द्रव्यांचे महत्त्व सिद्ध करणारे संशोधन केले ते मेचनिकॉव्ह यांच्याच प्रयोगशाळेत. आपल्या मताला बाध येतो म्हणून गुरूंनी त्यांना अडवले नाही. १९०३ साली लंडनमधील राइट आणि डग्लस यांनी या वादातून बाहेर पडण्याची एक वाट दाखवली. रक्तद्रवातील काही द्रव्ये जंतूंना चिकटतात आणि मग भक्षक पेशी त्यांना अधिक सहजतेने गिळतात. घास गिळवत नसला की तोंडीलावणे मदतीला येते, तसेच काहीसे हे होते. पेशी आणि द्रव्य हे एकमेकांचे वैरी नसून सहकारी आहेत, हे हळूहळू ध्यानात येऊ लागले. १९०८ सालचे वैद्यकातील नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि प्रतिपिंडांचे जर्मन अभ्यासक पाउल एर्लिख यांना विभागून देण्यात आले. दोन्ही पक्षांचा असा एकत्र गौरव झाला.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहिला. भक्षक पेशी जंतूला गिळते आणि पचवते. प्रतिपिंडे मात्र वेगळ्याच पेशी तयार करतात आणि तीही नेमकी त्याच जंतूविरुद्ध. गिळणाऱ्या पेशीच्या पोटात कोणता जंतू गेला, याची वार्ता इतरांपर्यंत पोहोचते कशी? याचे उत्तर मेचनिकॉव्ह यांच्या हयातीत मिळाले नाही. ते मिळाले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

आज आपल्याला ठाऊक आहे की, भक्षक पेशी जंतूला आत घेते तेव्हा त्याच्याभोवती एक पिशवी तयार होते. पेशीतील आम्ल आणि विकरे त्या पिशवीत उतरतात आणि जंतूच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात. बहुतेक तुकडे नष्ट होतात; पण काही तुकडे पेशी जपून ठेवते. तिच्याजवळ मधोमध खाच असलेले विशिष्ट रेणू असतात. या खाचेत तो तुकडा बसवून पेशी तो आपल्या पृष्ठभागावर आणून ठेवते. ज्याला शरीर परके म्हणून ओळखते अशा पदार्थाला प्रतिजन म्हणतात, आणि त्याचा तुकडा असा मांडून दाखवण्याच्या क्रियेला प्रतिजनाचे सादरीकरण म्हणतात.

हा तुकडा पाहणाऱ्या पेशी म्हणजे टी-पेशी. अखंड जंतू समोर आला तरी बहुतेक टी-पेशींना तो ओळखता येत नाही. खाचेत बसवलेला तुकडाच त्यांना कळतो. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशी एका तुकड्यावरून साऱ्या जंतूची परीक्षा होते. प्रत्येक टी-पेशी एका ठरावीक प्रकारच्या तुकड्याशीच जुळते. म्हणून योग्य टी-पेशी गाठणे आवश्यक असते. फांद्यांसारखे बाहू असलेल्या डेंड्रायटिक पेशी या कामात सर्वांत निपुण आहेत. त्या त्वचेत, नाकाघशाच्या अस्तरात आणि इतरत्र पहारा देतात, जंतू गिळतात आणि मग तेथून निघून जवळच्या लसीकाग्रंथीत जातात. तेथे असंख्य टी-पेशी येत-जात असतात. त्यांपैकी जिच्याशी तुकडा जुळतो आणि जिला त्याबरोबर धोक्याची खूणही मिळते, ती टी-पेशी जागी होते आणि तिच्यासारख्या हजारो पेशी तयार होतात. काही टी-पेशी प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना मदत करतात. काही टी-पेशी भक्षक पेशींचे बळ वाढवतात. घसा दुखू लागला की गळ्याजवळ गाठी येतात, त्या याच धामधुमीमुळे.

विषाणू मात्र पेशींच्या आतच दडतात. त्यासाठीही सोय आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे नमुने पृष्ठभागावर मांडत असते. त्यांत विषाणूचा तुकडा दिसला, तर मारक टी-पेशी त्या बाधित पेशीला नष्ट करतात.

हे ज्ञान एका दिवसात मिळाले नाही. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये राल्फ स्टाइनमन आणि झानव्हिल कोन यांनी डेंड्रायटिक पेशी शोधल्या. १९७४ साली ऑस्ट्रेलियात पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी टी-पेशींची ओळखण्याची विशिष्ट रीत उघड केली. १९८० च्या दशकात एमिल उनानुए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिजनाचे तुकडे पेशीच्या रेणूंना कसे चिकटतात हे दाखवून दिले. खाच असलेले हे रेणू माणसामाणसांत भिन्न असतात. म्हणूनच मूत्रपिंडासारखा अवयव बसवण्यापूर्वी दात्याचे आणि रुग्णाचे रेणू कितपत जुळतात, हे तपासले जाते. लस टोचल्यावरही याच मार्गाने निरुपद्रवी प्रतिजनाची ओळख शरीराला करून दिली जाते. पेशी आणि द्रव्य यांच्या वादाचा खरा उलगडा येथे होतो. गिळणारी पेशी आणि प्रतिपिंडे यांना जोडणारा दुवा हाच आहे.

उतारवयात मेचनिकॉव्ह वार्धक्याच्या कारणांकडे वळले. मोठ्या आतड्यातील काही जंतू विषारी द्रव्ये तयार करतात आणि त्यामुळे अकाली म्हातारपण येते, असे त्यांना वाटे. दह्यातील जंतू त्यांना आवर घालतील, या विश्वासाने ते स्वतः नेमाने आंबवलेले दूध घेत. त्यांच्या या सिद्धान्तातील बराचसा भाग पुढे टिकला नाही. पण आतड्यातील जंतूंचा आरोग्याशी निकटचा संबंध असतो, हा त्यांचा मूळ विचार आजच्या संशोधनाला मोलाचा वाटतो.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. प्रयोगशाळेतील तरुण आघाडीवर गेले आणि संस्था ओस पडली. मेचनिकॉव्ह यांच्या मनाला याचे फार दुःख झाले. हृदयविकाराने त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि १५ जुलै १९१६ रोजी पॅरिस येथे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला आहे.

ज्या माणसाने दोनदा स्वतःचे जीवन नाकारले, त्यानेच पुढे शरीर स्वतःला कसे जपते हे जगाला दाखवले. त्यांना जे दिसले ते अर्धे सत्य होते आणि त्यांच्या विरोधकांना दिसले तेही अर्धेच होते. दोन्ही अर्धी सत्ये प्रामाणिक प्रयोगांवर उभी होती, म्हणूनच पुढे ती एकमेकांना जोडता आली. बोटात रुतलेल्या काट्याभोवती आज जेव्हा सूज येते, तेव्हा तेथे मेचनिकॉव्ह यांनी पाहिलेल्या पेशी जमलेल्या असतात, आणि त्या पाहुण्याला केवळ गिळत नाहीत, तर तो कोण आहे हेही इतरांना सांगत असतात.

स्वाध्याय

१. गुलाबाच्या काट्याचा प्रयोग करण्यामागे मेचनिकॉव्ह यांचा कोणता विचार होता? त्यातून काय सिद्ध झाले?

२. पांढऱ्या पेशींविषयी त्या काळातील वैद्यांचे मत आणि मेचनिकॉव्ह यांचे मत यांतील फरक स्पष्ट करा.

३. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण टी-पेशींच्या कामाला कशी लागू पडते, ते तुमच्या शब्दांत लिहा.

४. पेशी की द्रव्य या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे काही अंशी खरे होते. पाठाच्या आधारे सांगा.

५. मतभेद असतानाही दोन्ही बाजूंचे म्हणणे उपयोगी ठरल्याचा तुमच्या अनुभवातील एखादा प्रसंग आठ ते दहा ओळींत लिहा.